मांडवाच्या मागच्या बाजूला

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांची मी विद्यार्थिनी. कादंबरी शिकवताना ते हमखास एक प्रश्न विचारायचे : या गोष्टीत चहा कोण करतंय? दिवाणखान्यात नायक-नायिका बोलत बसलेत आणि ‘चहा आला’ असं लिहून लेखक पुढे सरकतो. तो चहा कुणी केला, ते माणूस किती वाजल्यापासून उभं आहे, समोरच्या दोघांबद्दल त्याला काय वाटतं, हे शोधायला सर आम्हाला लावत. आजचा माझा विषय त्या प्रश्नातूनच निघालेला आहे. थाटाचा समारंभ चालू आहे, आणि त्या समारंभात राबणारी दोन दमलेली माणसं हळूहळू एकमेकांत गुंतत जातात. अशा गोष्टींबद्दल मला बोलायचं आहे.

समारंभातल्या प्रेमकथांना आपल्याकडे तोटा नाही. मुलीकडची करवली आणि मुलाकडचा मित्र यांच्यावर किती चित्रपट उभे राहिले! पण ती पाहुणे मंडळी. त्यांच्या अंगावर नवे कपडे असतात, हातात मोकळा वेळ असतो, आणि हळद ते वरात एवढ्या अवधीत त्यांचं जुळूनही जातं. त्याच मांडवात काम करणाऱ्यांचं प्रेम मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतं, कधीकधी आयुष्यभर. हे का होतं? समीक्षक याचं उत्तर बहुधा स्वभावात शोधतात. माणसं अबोल होती, भिडस्त होती, मनातलं ओठांवर आलं नाही, असं सांगतात. मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं की त्यांचा दिवस त्यांच्या मालकीचा नसतो. प्रेमाला जी संध्याकाळ लागते, ती त्यांनी आधीच कुणाला तरी विकलेली असते. संथपणा येतो तो तिथून.

आधी एका दाराबद्दल सांगते. जॉर्ज ऑरवेल 1929 साली पॅरिसमधल्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासण्याचं आणि पडेल ते काम करत होता. त्या दिवसांवरचं त्याचं पुस्तक 1933 मध्ये आलं. दिवसाचे अकरा तास काम, आणि भोजनगृहाची भांडी वाट्याला आली की चौदा तास. त्या शहरातल्या भांडी घासणाऱ्यांच्या मानाने हे तास कमीच, असंही तो नोंदवतो. भोजनगृह आणि मागची घाणेरडी खोली यांच्यामध्ये फक्त एक दार होतं. दाराच्या अलीकडे शिव्या घालणारा, घामेजलेला वाढपी दार ओलांडताच कसा पालटतो, खांदे कसे सरळ होतात, चालीत कसा डौल येतो, याचं ऑरवेलने केलेलं वर्णन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांना फार महत्त्वाचं वाटलं. गॉफमननी स्वतः शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलातली माणसं जवळून पाहिली होती. 1956 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात माणसाच्या वागण्याचे रंगमंचासारखे दोन भाग केलेले आहेत : लोकांसमोरचा आणि पडद्यामागचा. स्वयंपाकघराचं दार ही त्या दोन जगांची सीमा.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या दाराचा अर्थ मोठा आहे. दाराच्या पुढचं हसू हा कामाचा भाग असतो. ते सगळ्यांसाठी असतं, म्हणून कुणा एकाचं नसतं. पाहुण्यापुढे हसणारी मुलगी दारामागे येऊन भिंतीला टेकते, चप्पल काढून पाय मोकळे करते, आणि तिचा चेहरा उतरतो. तो उतरलेला चेहरा ती ज्याच्यासमोर लपवत नाही, तो तिचा विश्वासातला माणूस. एकत्र काम करणाऱ्यांमध्ये थकवा दिसू देणं हीच पहिली जवळीक असते. गुलाबाचं फूल देण्याच्या कितीतरी आधीची.

आणि जो माणूस दारामागे येऊनही चेहरा उतरू देत नाही, त्याचं काय होतं? याचं मला माहीत असलेलं सर्वांत खोल उत्तर काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या कादंबरीत आहे. इशिगुरोंचा जन्म 1954 चा, नागासाकीतला. पाच वर्षांचे असताना ते इंग्लंडला गेले. ही कादंबरी 1989 साली आली, तिला त्याच वर्षीचं बुकर मिळालं, आणि 2017 साली इशिगुरोंना नोबेल मिळालं. 1993 साली तिच्यावर चित्रपट निघाला. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, प्रमुख भूमिकांत अँथनी हॉपकिन्स आणि एमा थॉम्पसन. पटकथा होती दिल्लीत अनेक वर्षं संसार केलेल्या रूथ प्रवर झाबवाला यांची, आणि निर्मात्यांपैकी एक होते मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट. चित्रीकरण चालू असताना स्वतः रांधून साऱ्या युनिटला जेवू घालणारा निर्माता म्हणून मर्चंट प्रसिद्ध होते. नोकरांच्या जेवणघरातली ही गोष्ट त्यांच्या हातून पडद्यावर यावी, याचा मला आनंद वाटतो.

गोष्ट डार्लिंग्टन हॉल नावाच्या एका हवेलीतली. स्टीव्हन्स हा तिथला बटलर, म्हणजे सगळ्या नोकरवर्गाचा प्रमुख, आणि मिस केंटन ही घरव्यवस्था पाहणारी हाउसकीपर. दोघांनी वर्षानुवर्षं एका छपराखाली काम केलं. कादंबरीतले दोन समारंभ मी तुमच्यासमोर ठेवते.

पहिला मार्च 1923 चा. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर लादलेल्या अटी सैल व्हाव्यात म्हणून लॉर्ड डार्लिंग्टन युरोपातल्या बड्या मंडळींना घरी बोलावतात. स्टीव्हन्सचे सत्तरी ओलांडलेले वडील याच घरात दुय्यम बटलर आहेत. काही महिन्यांपूर्वी हातात ट्रे असताना ते पडले, तेव्हापासून त्यांची कामं कमी केलेली. परिषदेच्या शेवटच्या रात्री वरच्या खोलीत त्यांची अखेर जवळ येते आणि खाली मेजवानी रंगात आलेली असते. वडील गेल्याचं मिस केंटन खाली येऊन सांगते, वर चला म्हणते. स्टीव्हन्स म्हणतो, आत्ता हातात काम आहे, थोड्या वेळाने येतो. मग त्यांचे डोळे मी मिटू का, असं ती विचारते. तो हो म्हणतो, तिचे आभार मानतो आणि पुन्हा दिवाणखान्यात पाहुण्यांचे प्याले भरायला जातो. तुम्ही रडत होता की काय, असं त्याला विचारलं जातं, तेव्हा दिवसभराच्या दगदगीचा परिणाम, एवढंच तो सांगतो. डॉक्टर येतात तेव्हा, फ्रेंच पाहुण्यांचे पाय दुखताहेत, जरा पाहाल का, अशी विनंती तो त्यांना करतो.

हा प्रसंग बहुतेक जण बाप-लेकाचा म्हणून वाचतात. मला तो त्या दोघांचाही वाटतो. सुनेने करावं असं काम त्या रात्री मिस केंटनने केलं. त्याचा बाप मरत असताना तो वर थांबला नाही, ती थांबली. तिचंही काम खाली पडलेलं होतंच. त्या प्रसंगात प्रेमाचा शब्द कुठेही नाही, पण एका दमलेल्या माणसाचा भार दुसऱ्या दमलेल्या माणसाने न सांगता उचलला, एवढं तिथे आहे. मला तेवढं पुरतं.

पुढे त्या दोघांचा एक रिवाज पडतो. दिवस संपला की तिच्या बैठकीच्या खोलीत कोको पीत बसायचं. बोलणं सगळं कामाचं : उद्या कोण येणार, कुणाला कुठली खोली. वरकरणी कोरड्या अशा या बैठकाच त्यांचं सहजीवन आहेत. एका रात्री तो काहीतरी समजावून सांगत असतो आणि तिचं लक्ष नसतं. तो हटकतो. मी आज फार थकले आहे, असं ती सांगते. तो पुन्हा डिवचतो, ती पुन्हा तेच सांगते, जरा चढ्या आवाजात. त्यावर स्टीव्हन्स काय करतो? या बैठकांचा तुमच्यावर ताण पडतो असं दिसतं, तेव्हा त्या बंद केलेल्या बऱ्या, असं सांगून मोकळा होतो. पुढे तिने गळ घातली तरी तो बधत नाही.

मित्रहो, या पानापाशी मी दरवेळी थांबते. तिने त्याला आपला थकवा दाखवला होता. दारामागचा चेहरा दाखवला होता. तो तिने इतर कुणाला दाखवला असता? स्टीव्हन्सने मात्र त्या थकव्याकडे कामातली अडचण म्हणून पाहिलं आणि व्यवस्थापकाने करावा तसा बंदोबस्त केला. बटलरने आपली भूमिका उतरवायची ती पूर्ण एकटा असतानाच, असं त्याचं तत्त्व आहे. म्हणजे त्याच्या दृष्टीने दारामागेही रंगमंचच आहे, आणि ती समोर बसलेली प्रेक्षक.

याच सुमारास कादंबरीत एक बारीकशी गोष्ट घडते, तिच्याकडे वाचकांचं फारसं लक्ष जात नाही. मिस केंटन आपल्या हक्काच्या सुट्ट्या घेऊ लागते. करारात त्या आधीपासून होत्या, ती घेत नसे. आता घेते, बाहेर जाते, आणि तिथे पूर्वीच्या नोकरीतल्या एका ओळखीच्या माणसाशी तिचं जुळतं. हवेलीत वर्षानुवर्षं जे झालं नाही, ते थोडक्या सुट्ट्यांत झालं. मघाशी मी मालकीच्या वेळेबद्दल बोलले, त्याचा याहून स्पष्ट दाखला मला देता येणार नाही.

दुसरा समारंभ 1936 च्या सुमाराचा. त्या रात्री हवेलीत ब्रिटनचे पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री आणि हिटलरचा लंडनमधला राजदूत रिबेनट्रॉप गुप्तपणे भेटताहेत. नेमकी त्याच रात्री ती स्टीव्हन्सला सांगते, मला मागणी आली होती, मी होकार दिला आहे. तो अभिनंदन करतो आणि वर जागतिक महत्त्वाच्या घडामोडी चालू आहेत, मला जायला हवं, असं म्हणून निघतो. पुढे ट्रे घेऊन जाताना तिच्या बंद दाराशी त्याची पावलं थबकतात. आत ती रडते आहे, याची त्याला खात्री वाटते. तो दार वाजवत नाही. वर जाऊन मद्य पोचवतो. वीस वर्षांनी, 1956 साली, कॉर्नवॉलमध्ये बसची वाट पाहताना ती त्याला सांगते की तुमच्याबरोबर कसं आयुष्य झालं असतं याचा मी कधीकधी विचार करते. तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं, आपलं काळीज फाटत होतं, अशी कबुली तो वाचकाजवळ देतो. तिला त्यातलं काही बोलत नाही.

त्या बंद दाराच्या दोन्ही बाजूंना नोकर होते आणि वर चाललेल्या ज्या बैठकीसाठी त्यांनी स्वतःची रात्र दिली, ती बैठक नाझी राजवटीशी सलोखा करण्याची होती. इशिगुरोंनी हे मुद्दाम असं रचलेलं आहे. दुसऱ्याच्या समारंभाला आयुष्य देताना तो समारंभ कशासाठी आहे, हे विचारण्याचाही अधिकार त्यांनी सोडून दिला होता.

यावर कुणी म्हणेल, ही इंग्रज सरदारांच्या वाड्यातली जुनी गोष्ट, आपला काय संबंध? त्या वाड्यांत मोलकरणींना भेटायला कुणी पुरुष येता कामा नये, असा सरसकट दंडक असे, आणि नोकरांनी आपसात लग्न करणं ही घराच्या शिस्तीला कीड मानली जाई. पण कामावरच्या माणसाने प्रेम केव्हा करावं हे मालकाने ठरवण्याची रीत वाड्यांबरोबर संपली नाही. तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाच्या त्या वेळच्या नियमांनुसार हवाई सुंदरीने नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं, किंवा तिला पहिलं मूल होणार असलं, की तिची नोकरी जाई. नर्गेश मिर्झा आणि इतर हवाई सुंदरींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1981 च्या निकालात न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र योग्य ठरवली. दोन वर्षांनी, 1983 मध्ये, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांचं हवाई सेविकांवरचं पुस्तक आलं. पगारासाठी दिवसभर हसणाऱ्या माणसाला आपलं खरं हसू कोणतं हेच कळेनासं होतं, असं त्यांनी त्यात दाखवलं. भावनिक श्रम ही कल्पना तिथून रूढ झाली. जिचं हसू आणि लग्नाचं वर्ष दोन्ही नोकरीच्या अटींत आहे, ती संथपणे प्रेमात पडली तर त्यात भिडस्तपणाचा भाग किती?

आता आपल्या मांडवाकडे येते. मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’ला 2001 साली व्हेनिसच्या महोत्सवात गोल्डन लायन मिळाला. दिल्लीतल्या वर्मा कुटुंबातलं लग्न, परदेशातून आलेले नातेवाईक, पैशांची ओढाताण, घरातलं एक दडपलेलं पाप. या सगळ्याच्या कडेला मांडवाचं कंत्राट घेतलेला दुबे आहे आणि घरात काम करणारी अ‍ॅलिस आहे. विजय राज आणि तिलोत्तमा शोम यांनी ही कामं केली आहेत. दुबे सदा फोनवर, सदा घाईत, गिऱ्हाइकाला थापा मारणारा, बोलता बोलता झेंडूच्या पाकळ्या चघळणारा. पांढरा मांडव घातला म्हणून यजमान त्याच्यावर भडकतात, कारण पांढरा रंग लग्नाचा नव्हे. त्याचं हे सगळं बोलणं दाराच्या पुढचं. अ‍ॅलिस दिसली की तो गप्प होतो. बडबड्या माणसाचं गप्प होणं विजय राज यांनी ज्या सच्चेपणाने दाखवलंय, त्याला माझ्या मते आपल्या अभिनयाच्या इतिहासात जागा आहे.

अ‍ॅलिस एकटी असताना मालकिणीचे दागिने अंगावर लावून आरशात पाहते. खिडकीतून मांडवाचे कामगार तिला बघतात आणि चोरीचा संशय घेतात. ती दुखावते. वरच्या मजल्यावर लाखोंची उधळण चालू असताना खालच्या बाईने स्वतःला क्षणभर नटलेलं पाहिलं, तर तिच्यावर आळ येतो, आणि तोही तिच्याच पातळीवरच्या माणसांकडून. थकलेली माणसं आपोआप एकमेकांची होतात, असा भाबडेपणा चित्रपटाने केलेला नाही. दुबेला तिची समजूत घालावी लागते. ते तो झेंडूच्या फुलांनी करतो, म्हणजे ज्या मालावर त्याचं पोट चालतं त्यानेच. दुसऱ्यांच्या लग्नासाठी आणलेला झेंडू पहिल्यांदा त्याने स्वतःसाठी वापरला. दोघांचं लग्न लागतं तेव्हा पाहुणे म्हणून त्याचे कामगारच असतात. शेवटी पावसात चाललेल्या मोठ्या लग्नाच्या नाचात तीही दोघं सामील होतात.

हा शेवट गोड करून वाढलेला आहे, असा आक्षेप मी ऐकला आहे. मला तो मान्य नाही. मोठ्या घराने दाखवलेलं औदार्य म्हणून तो शेवट आला असता, तर आक्षेप बरोबर होता. पण दुबे आणि अ‍ॅलिस यांनी आपलं लग्न आधीच उरकलेलं आहे, स्वतःच्या माणसांत. आत येताना ती कुणाची कृपा घेऊन येत नाहीत.

याच तिलोत्तमा शोम पुढे रोहेना गेरा यांच्या ‘सर’ या 2018 च्या चित्रपटात मुंबईच्या उंच इमारतीत काम करणारी रत्ना झाल्या. महाराष्ट्रातल्या खेड्यातून आलेली, मराठी बोलणारी, लहान वयात विधवा झालेली, शिवणकामाची स्वप्नं पाहणारी. तिथे प्रेम मालकाशी आहे, म्हणून तो चित्रपट आजच्या विषयाच्या कडेला राहतो. मात्र घरातल्या पार्टीत हातून पेय सांडल्यावर पाहुणीचे बोल ऐकणारी रत्ना ज्याने पाहिली, तो पुढच्या समारंभात ट्रे धरलेल्या हाताच्या वर, चेहऱ्याकडे, पाहील अशी मला आशा आहे. ‘बँड बाजा बारात’ (2010) याहून थेट आपल्या विषयाचा. लग्नं लावून देण्याचा धंदा भागीदारीत करणारे श्रुती आणि बिट्टू. धंदा आणि प्रेम यांची गल्लत करायची नाही हा तिचा नियम. मोठं काम फत्ते झाल्याच्या रात्री, दमणूक आणि आनंद एकत्र आल्यावर, नियम मोडतो, आणि मग त्या रात्रीचा अर्थ लावताना दोघंही चुकतात. दमलेल्या शरीराची जवळीक लवकर येते, मनाची मागून येते, हे त्या चित्रपटाने मोकळेपणाने दाखवलं.

आणि मराठीत? पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला नारायण आपल्या सगळ्यांचा आहे. लग्नघराचा सारा भार वाहणारा, कपडेखरेदीपासून पंगतीपर्यंत सगळीकडे हजर. कष्टणाऱ्या माणसाबद्दलची माया पुलंनी तिथे भरभरून ठेवली आहे. पण नारायण घरचा. पैसे घेऊन राबणारा नव्हे. त्याच्यानंतर आपली लग्नं बदलली. आता कार्यालय, केटरर, डेकोरेटर, मेकअपवाली, व्हिडिओवाला, ड्रोनवाला, साउंडवाला, आणि सगळ्यांना फोनवर फोन करणारी इव्हेंटवाली मुलगी. हा केवढा मोठा समाज लग्नसराईत रात्रीचा दिवस करतो! पहाटे दादरच्या फुलबाजारात गोणी उचलणारा, मुहूर्ताआधी तीन तास वधूच्या केसांत पिना खोचणारी, संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी दुपारी खुर्च्यांची कापडं बदलणारा. ही माणसं हंगामभर त्याच-त्याच माणसांना वेगवेगळ्या कार्यालयांत भेटत राहतात.

शेवटची पंगत उठल्यावर ती जेवायला बसतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. मसालेभात गार झालेला असतो, जिलेब्यांचे तुकडे उरलेले असतात. मेकअपवाली आपली पेटी बंद करून येते, कॅमेरावाला खांद्यावरचा पट्टा काढतो, आणि कुणीतरी आधीच दोघांसाठी ताटं झाकून ठेवलेली असतात. दिवसभरात त्यांना कुणी नावाने हाक मारलेली नसते. इथे मारतात. प्रेम मंद आचेवर शिजतं असं म्हणतात, ती आच मला त्या झाकलेल्या ताटात दिसते. पुढच्या मुहूर्ताला भेटूच, एवढ्या बोलीवर उठतात, आणि पुढचा मुहूर्त कुणाचा, कुठल्या गावचा, हे त्यांच्या हातात नसतं.

इथे बसलेल्या तरुण लेखक-लेखिकांना माझी विनंती आहे. ही गोष्ट मराठीत लिहा, आणि ती दयेने लिहू नका. या माणसांना आपल्या कामाचा अभिमान असतो. उत्तम उभा राहिलेला मांडव पाहून त्यांचेही डोळे निवतात. चांगलं काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे ज्या नजरेने ती पाहतात, त्या नजरेतलं कौतुक नीट ओळखा. लिहायला बसण्याआधी त्यांच्याबरोबर शेवटच्या पंगतीला बसा. त्यांना मोबदला किती मिळतो ते विचारा, परतीची गाडी केव्हाची असते ते विचारा, सलग दोन दिवस सुट्टी शेवटची कधी मिळाली तेही विचारा, आणि त्या सुट्टीत कुणाला भेटायला गेला होता, हे ते आपणहून सांगेपर्यंत थांबा.